निळ्याचा नमुना

९ जानेवारी

ताई,

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून लिहायला बसले. रागवायचं ते रागवा, पण पूर्ण वाचून मग.

तुमच्या भावाच्या टाकीचं काहीतरी बिनसलंय. काचेची मोठी टाकी, खारं पाणी. मासा एकच, त्याला मी कारकून म्हणते, कारण फाइल घेऊन निघाल्यासारखा दिवसभर या टोकाकडून त्या टोकाकडे जातो आणि काम काही होत नाही. बाकी सगळी पोवळ्यांची झाडं. गेल्या वर्षी रंगखान्यातली नोकरी सुटली तेव्हापासून हे टाकीसमोरच असतात. सव्वीस वर्षं कापडाचा रंग नमुन्याशी जुळवला. सकाळी खुर्ची ओढून बसतात आणि पोवळ्यांना तपासतात, गठ्ठे उतरवून घेतल्यासारखे.

गेले दोन महिने म्हणतात, रंग गेला. फांदीची टोकं निळी होती ती तपकिरी पडली. झालर गुलाबी होती ती चहा सांडल्यासारखी झाली. हिरव्या गोंड्याला गंज चढला. (फांदी, झालर, गोंडा ही माझी नावं. कपडे शिवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार?) मला विचाराल तर फांदी मला निळीच दिसते. पण माझ्या दिसण्याला कोण विचारतं? घरात रंगातलं माणूस ते.

तुम्ही कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मुलांना झापलंत, तुम्हाला ठाऊक असेल. टाकीवर दिवा आहे. त्याला उजेड कमी-जास्त करायच्या दोन चकत्या, एक पांढऱ्या उजेडाची, एक निळ्याची. पांढरी तीसवर आहे, निळी चाळीसवर. हे म्हणतात दिवा मेलाय. जेवताना लक्ष ताटात नसतं. काल म्हणाले, "एवढंही राखता येईना मला." नोकरी सुटली तेव्हा हा माणूस असं बोलला नव्हता. ही टाकी गेली तर त्यांना मी कशात गुंतवू?

काय करायचं ते आकडे घालून लिहा. समजूत घालू नका.

सुई


१६ जानेवारी

सुई,

पत्र पोचलं. लग्नाच्या वर्षी मी तुला सुई म्हटलं ते तू बारीक होतीस म्हणून. टोचतेस हे नंतर कळलं.

पहिली गोष्ट, ती झाडं नव्हेत. प्रवाळ हा प्राणी आहे. तीस वर्षं मुलांना हेच सांगून घसा कोरडा केला आणि माझ्याच घरात झाडं म्हणतात.

आता ऐक. या प्राण्याच्या अंगात अतिशय बारीक शैवाल राहतं, भाडेकरूसारखं. उजेडावर ते अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. हे शैवाल रंगानं तपकिरी असतं. उजेड कमी पडला की मिळेल तेवढा गोळा करण्यासाठी त्याची अंगात गर्दी होते आणि प्राण्याचा स्वतःचा रंग झाकला जातो. उजेड भरपूर असला, विशेषतः निळा, की प्राणी रंग तयार करतो, उन्हात छत्री उघडावी तसा. म्हणजे धाकटा म्हणतो ते बरोबर आहे. तपकिरी झालं असेल तर उजेड कमी पडतोय.

दोन्ही चकत्या दर आठवड्याला पाचाने वाढव. पाचाने. एकदम वाढवलंस तर भाजतील. पाणी बदलायचं तसंच चालू ठेव. फोटो पाठवू नकोस, त्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत सगळंच निळं येतं, ते मला काय उपयोगाचं?

तुला फांदी निळी दिसते ते ठीक आहे. धाकट्याची नजर लहानपणापासून माहीत आहे मला. आईच्या दोन पांढऱ्या कपड्यांमध्ये कोणता आधी धुतलाय ते सांगायचा. तो तपकिरी म्हणाला की तपकिरी.

माझी कंबर अजून धरलेलीच आहे. जिना उतरायला बंदी. नाहीतर येऊन पाहिलं असतं.

ताई


४ फेब्रुवारी

ताई,

सांगितलं तसं केलं. तीनदा वाढवलं, पाच-पाच. पांढरा पंचेचाळीस, निळा पंचावन्न. ह्यांचं म्हणणं, काडीचा फरक नाही. उलट जास्त तपकिरी. निळे दिवे लागतच नाहीत म्हणतात. आणि मी त्याच खोलीत शिवायला बसते, तर माझे डोळे त्या निळ्यानं पाझरायला लागलेत. परवा एका बाईच्या राखाडी कोटाला जांभळा दोरा लावून बसले. ती म्हणाली, "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

एक गंमत सांगते. तुम्हाला ठाऊक आहे, हे प्रत्येक पोवळं आणलं त्या दिवशी कपाटातून चिंध्या काढून त्याच्याशी रंग जुळवायचे आणि ती चिंधी वहीत चिकटवून तारीख घालायचे. रंगखान्याची सवय. मूळ नमुना हाताशी पाहिजे, नाहीतर माणूस आठवणीवर बोलतो, आणि आठवण खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. तर रविवारी ती वही काढली. फांदीच्या पानावर निळी चिंधी आहे. ती पाहून म्हणाले, "हीपण विटली." सगळी पानं उलटली. "सगळं कापड विटलंय. डाय हलका होता." मग वही मिटली. दुपारी पाहिलं तर वही केराच्या टोपलीत. मी काढून माझ्या रिळांच्या खणात ठेवली.

हे आंघोळीला गेले तेव्हा मी एकशे बेचाळीस नंबरचं रीळ काचेला लावून पाहिलं. गडद आकाशी. मला फांदीशी जुळल्यासारखं वाटलं. पण माझे डोळे असे पाझरणारे.

आता पुढे?

सुई


११ फेब्रुवारी

सुई,

रीळ काचेला लावून प्रवाळाचा रंग कळत असता तर आम्ही प्रयोगशाळा बंद करून शिंप्याकडे गेलो असतो. पाझरत्या डोळ्यांनी, निळ्या उजेडात, काचेतून, पाण्यातून! अशा निरीक्षणाला मी दहापैकी शून्य दिले असते.

तीनदा वाढवूनही काहीच फरक नाही याचा अर्थ दिवा खरोखर गेलेला आहे. चकतीवर पंचावन्न लिहिलं म्हणजे पंचावन्न उजेड पडतो असं नाही. जुने दिवे असे दगा देतात. नवा घ्या. तो आल्यावर पाचा-पाचानं खेळत बसू नका, फार दिवस उपाशी राहिलेत ते. निम्म्याच्या वर लाव आणि आठवड्याला दहाने चढव.

हे मी पहिल्या पत्रात लिहिलं त्याच्या उलट आहे हे मला समजतं. पण समोर धाकट्यासारखा माणूस बसून सांगतोय, तर पुस्तकापेक्षा मी त्याचं ऐकेन.

चिंध्यांचं वाईट वाटलं. कापड हलकं निघालं असेल.

डोळ्यांवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेव. आणि मशीन दुसऱ्या खोलीत हलव.

ताई


२० मार्च

ताई,

खुलले!

बसल्या जागी ओरडले मी. नवा दिवा बसवून महिना झाला. पांढरा ऐंशी, निळा पंच्याण्णव. शेवटचे वीस ह्यांनी स्वतःच्या हातानं चढवले, मला विचारलं नाही, पण आता त्याचं काय! गेल्या चार दिवसांत असा रंग आलाय की काय सांगू. फांदी कशी आकाशी, फिकी, पहाटे असते तशी. झालर अगदी बाळाच्या झबल्याची गुलाबी. गोंडा तर पोपटीच्याही पुढे, कच्च्या बदामाच्या गरासारखा. सगळंच हलकं, नाजूक, आतून दिवा लावल्यासारखं. शेजारच्या शिक्षिका दारातूनच म्हणाल्या, "अगं बाई, हे काय, काचेचं केलंत की काय?"

हे म्हणाले, "हं. जरा उजळलंय." एवढंच. पण दुपारी वरण दोनदा मागितलं. मला तेवढं पुरे.

तुम्हाला किती धन्यवाद देऊ? तुम्ही म्हणाल, देऊ नकोस, पाणी बदल. बदलते. आता पाण्यातलं सगळं काम माझ्याकडेच आलंय. मिठाच्या पाण्यानं अंगाला इतकी खाज सुटते की विचारू नका, तळहात, तळपाय सगळीकडे. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत वर चढवून हात घालते, आणि आता ते खरंच कोपरापर्यंत चढतं. तुमची सुई पुन्हा लग्नातल्यासारखी झालीय म्हणा!

शिक्षिकाबाईंना मी पिवळी दिसले. म्हटलं, त्या निळ्या दिव्यासमोरून उठून आलं की सगळंच पिवळं दिसतं. तरी घरात येऊन ह्यांना विचारलं, "मी पिवळी दिसते का हो?" चांगलं वर-खाली पाहिलं. म्हणाले, "आहेस तशीच आहेस." रंगातल्या माणसानं शिक्का मारला, संपलं.

सुई


२६ मार्च

सुई,

हे पत्र हातात पडताच, वाचून संपायच्या आधी उठ आणि दोन्ही चकत्या तीसवर आण.

आणल्यास? आता वाच.

ते खुललेले नाहीत. ते मरताहेत. फिकं, नाजूक, आतून दिवा लावल्यासारखं असं तू लिहिलंस ना, ते अंगातलं शैवाल बाहेर टाकल्याचं लक्षण आहे. उजेड सहन होईनासा झाला की प्राणी आपल्याच भाडेकरूला हाकलतो. मग तपकिरी उरत नाही, फक्त त्याचा स्वतःचा रंग दिसतो, आणि चार दिवस फार सुंदर दिसतो. नंतर तोही जातो आणि खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. घरात अन्न करणारं कुणी उरलेलं नसतं, त्यामुळे उपासमार.

मी हे वर्गात शिकवलेलं आहे. आकृती काढून शिकवलेलं आहे. तरी तुला आठवड्याला दहा चढव म्हणून लिहिलं. ती चूक माझी. धाकट्याला तसं सांग.

दिवा झाका, जाळी टाका, काहीही करा. अजून आठ-दहा दिवस हातात असतील. पत्र जलद टपालानं पाठवतेय.

ताई


१४ एप्रिल

ताई,

पत्र तिसऱ्या दिवशीच मिळालं. चकत्या मी तीसवर आणल्या, उभ्या उभ्या.

संध्याकाळी पाहिलं तर परत पंच्याण्णव. मी उतरवायची, हे चढवायचे. मी स्वयंपाकघरात गेले की खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. तुमचं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, "ताईनं पुस्तकात पाहिलंय. मी टाकीत पाहतोय." मी दिव्यावर मलमलीचं कापड टाकलं, ते काढून, घडी घालून माझ्या मशीनवर ठेवलं. घडी मात्र बिनचूक.

आता ती पांढरी आहेत. फांदी मिठाच्या खड्यासारखी पांढरी. झालरीचा काठ तेवढा गुलाबी होता, तो सोमवारी गेला. गोंडा विरघळला, त्याच्या जागी पांढरी वाटी उरली. कारकून अजून फिरतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

ह्यांना विचारलं, "आता कसं दिसतं?" तर म्हणाले, "साय धरल्यासारखं. अजून चहाची झाक आहे. थोडा उजेड वाढवला तर निघेल." पांढऱ्याफटक सांगाड्यासमोर बसून सांगतात, ताई. मी मान डोलावली.

हात थकलेत. आज शिवण घेतलं नाही.

सुई


२१ एप्रिल

सुई,

तुझी सगळी पत्रं काढून ओळीनं वाचली. मुलांच्या वह्या तपासायची तशी, हातात लाल पेन घेऊन. चूक तुझ्या फेब्रुवारीच्या पत्रात सापडली आणि ती माझी होती.

बंद वहीतलं कापड विटत नाही. कपाटात, अंधारात, मिटलेल्या वहीत ठेवलेल्या पाच चिंध्या एकाच वेळी विटत नाहीत. रंग कापडातून गेला नाही, फांदीतून गेला नाही, दिव्यातूनही गेला नाही. तू एकशे बेचाळीस नंबरचं रीळ धरलंस आणि ते जुळलं. पूर्ण निरीक्षणात तेवढंच एक खरं होतं आणि त्यालाच मी शून्य दिलं.

धाकट्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्याच्या डोळ्यातलं भिंग पिवळं, पुढे तपकिरी होत जातं. इतकं हळू की ज्याचं त्याला कळत नाही. निळा रंग आत पोचतच नाही. तो तपकिरी काचेतून पाहत होता आणि आपण दोघी शिकल्यासवरल्या बायका त्याच्या सांगण्यावरून टाकी भाजत होतो. चांगली पाच प्रवाळं होती. धडधाकट होती.

त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. ओढत ने. निदान एवढं एक तरी दुरुस्त होण्यासारखं आहे.

आणि एक विचारते, खरं सांग. तुला ते रीळ जुळलेलं दिसत होतं. गडद निळं, उघड्या डोळ्यांनी. मी गप्प बस म्हटलं म्हणून तू आजपर्यंत कधी गप्प बसलेली नाहीस. मग या वेळी का बसलीस?

ताई


३० मे

ताई,

उत्तराला उशीर झाला. बसून लिहायला ताकद नव्हती. आता लिहिते ते एका बैठकीत नाही.

मला माहीत होतं. फेब्रुवारीत नाही, त्याच्या आधीपासून.

रंगखान्यातली नोकरी त्यांनी सोडली असं तुम्हाला सांगितलं होतं. सोडली नाही, काढलं. निळा माल तीनदा परत आला. दोन निळे ह्यांना एकसारखे दिसत होते आणि गिऱ्हाइकाला दिसत नव्हते. मग मालकानं रंग मोजायचं यंत्र आणलं, सगळ्यांच्या देखत दोन्ही कापडं त्याच्याखाली धरली, आणि यंत्राचं बरोबर निघालं. त्या दिवशी घरी आले ते डबा न उघडता. म्हणाले, "यंत्राला काय कळतं?" मी म्हटलं, "काही नाही कळत." ताई, मी असं म्हटलं. तेव्हाच पाय रोवून डॉक्टरकडे नेलं असतं तर! पण तो चेहरा बघून मला नाही म्हणवलं. नंतर टाकी तेवढी एक जागा उरली, जिथं त्यांनी म्हटलेलं कुणी खोडत नव्हतं. मग रीळ हातात धरून मीच कशी उभी राहू, यंत्रासारखी?

मला वाटलं पोवळीच आहेत, सोसतील. तुम्हाला लिहिलं ते यासाठी, की तुम्ही सांगाल, उजेड ठीक आहे, काही करू नका. तुम्ही सांगितलं असतं तर ह्यांनी ऐकलं असतं. तुम्ही मात्र त्यांच्यावर माझ्याहून जास्त विश्वास ठेवलात.

डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की उठून जायचे. तुमचं पत्र चारदा समोर ठेवलं, वाचलं नाही. मग परवा फांदी थोडी सरळ करायची म्हणून टाकीत हात घातला. ती त्यांच्या बोटांत मोडली. कडकन, वाळल्या काटकीसारखी. जिवंत पोवळं बुळबुळीत लागतं हो, हे मलाही माहीत झालंय. बराच वेळ तुकडा चोळत राहिले. वास घेतला. मग मला हाक मारली आणि तुकडा माझ्यापुढे धरून विचारलं,

"कोणता रंग आहे?"

पस्तीस वर्षांत या माणसानं मला हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "पांढरा." म्हणाले, "केव्हापासून?" मी सांगितलं. मग म्हणाले, "आणि त्याच्या आधी?" म्हटलं, "निळा. शेवटपर्यंत निळाच होता." चकत्या स्वतःच शून्यावर आणल्या आणि शर्ट बदलून दाराशी जाऊन उभे राहिले. "चल, कुठे तो डॉक्टर आहे तिथे."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, खूप पिकलेले. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काम कसं केलंत?" उजवा सव्वीस जूनला, डावा त्याच्या पुढच्या महिन्यात.

ते एकदा झालं की मग माझं बघू. अंगावर कपडे राहत नाहीत, खाज काही जात नाही, आणि आता शिक्षिकाबाईच नाही, दूधवालाही पिवळी म्हणतो. ह्यांना पुन्हा विचारलं होतं मध्ये. आहेस तशीच आहेस म्हणाले. ऐकायला बरं वाटतं, म्हणून विचारते.

सुई


४ जून

सुई,

सव्वीस जूनची वाट पाहू नकोस. आज जा. धाकटा घरी एकटा बसेल, मरणार नाही.

मार्चमध्ये तू खाज लिहिलीस, घड्याळ कोपरापर्यंत चढतं असं लिहिलंस, पिवळी दिसते म्हणून लिहिलंस. तीन ओळींत, एकाखाली एक. आणि मी त्या पत्रातलं फक्त प्रवाळाचं वाचलं. ही कावीळ आहे. तीन महिन्यांची कावीळ आहे आणि दुखल्याचं कुठेच लिहिलेलं नाहीस ते मला मुळीच आवडलेलं नाही.

आरशात पाहून डोळ्यांचा पांढरा भाग कसा दिसतो ते सांग. धाकट्याला विचारू नकोस. तू पाहा. तुझी नजर चांगली आहे. हे मी आधी लिहायला हवं होतं.

उलट टपाली कळव. मी इथल्या डॉक्टरांना प्रवासाचं विचारते.

ताई


१९ जुलै

ताई,

मला पत्र लिहायची सवय नाही. हिला बसवत नाही, म्हणून मी लिहितो. तुझी दोन पत्रं आणि तार मिळाली.

तू सांगितलंस तरी ती गेली नाही. तुझं चार जूनचं पत्र मला दाखवलं नाही, रिळांच्या खणात ठेवलं होतं. माझा डोळा आधी, असं तिनं ठरवलं होतं.

उजव्या डोळ्यावरची पट्टी सत्तावीस तारखेला काढली. पहिल्यांदा दिसली ती परिचारिकेच्या खिशातल्या पेनाची टोपी. निळी. मी रंगातला माणूस, पण मला शब्द सुचला नाही. एवढा निळा रंग जगात आहे हे मी केव्हा विसरलो ते मला माहीत नाही. डॉक्टर हसत होते. म्हणाले, "आता घरच्यांना पाहा." ही दारात उभी होती, माझी पिशवी घेऊन.

एकदा पाहिलं आणि कळलं. सव्वीस वर्षं तेच काम केलं आहे.

त्याच दिवशी, त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर तिला नेलं. यकृताच्या खाली पित्ताची नळी आहे तिथे गाठ आहे. पसरली आहे. डॉक्टर तरुण आहेत, नीट बोलतात. मी विचारलं, मार्चमध्ये आणलं असतं तर? ते म्हणाले, अशा प्रश्नाचा आता उपयोग नाही. म्हणजे उपयोग झाला असता. ऑगस्टचं काही सांगत नाहीत. तुला यायचं असेल तर कंबरेचं बघू नकोस, ये.

ती तुला सांगायला सांगते की कारकून चांगला आहे. शिक्षिकाबाई त्याला खायला घालतात. दिवा आता वीसवर असतो, तेवढा माशाला पुरतो. सांगाड्यांवर शेवाळ चढलं आहे. फांदी आता खरोखर तपकिरी आहे. उजव्या डोळ्यानं पाहिलं, खात्री केली.

वही तिच्या खणात सापडली. एकही चिंधी विटलेली नाही. फांदीच्या पानावर एकशे बेचाळीस नंबरच्या दोऱ्याचा तुकडा टाचलेला आहे, खाली तिच्या अक्षरात चार फेब्रुवारी ही तारीख. जुळतो. मी उन्हात नेऊन पाहिला, रीतसर, जसा पाहायचा असतो तसा.

तिचं बोलणं चालू असतं. काल म्हणाली, "आता खरं सांगा, मी कशी दिसते?" मी म्हटलं, "आहेस तशीच आहेस." ती म्हणाली, "आता खोटं बोलायला लागलात. आधी तरी खरं वाटून बोलत होतात."

खोटं नव्हतं. डावा डोळा अजून जुनाच आहे. उजवा मिटून घेतला की ती पिवळी दिसत नाही. नेहमीचीच दिसते, थोडी सावलीत बसल्यासारखी. तिच्याजवळ बसतो तेव्हा मी उजवा मिटतो. तिला वाटतं, नवा डोळा दुखतो.

डाव्याची तारीख काल होती. मी गेलो नाही.

धाकटा